पडझड, मालकी आणि अनुदान : लहान गावांतील ऐतिहासिक वास्तूंच्या सार्वजनिक निधीचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

ऐतिहासिक वास्तूंच्या जतनावर सरकारी पैसा खर्च व्हावा की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुधा किल्ल्यांच्या निमित्ताने निघतो आणि तेथे त्याचे उत्तर जवळपास ठरलेले असते. रायगडाच्या ६०६ कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता मिळाली तेव्हा रकमेच्या विनियोगाविषयी बोलले गेले, पण खर्च मुळात का करावा असे फारसे कोणी विचारले नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे प्रतिनिधित्व करणारे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि त्यांतील अकरा महाराष्ट्रातले असल्याने ही सहमती अधिकच पक्की झाली. तालुक्याच्या गावी मात्र प्रश्नाचे रूप पालटते. तेथे एखादा सरदारी वाडा असतो, मातीची गढी असते, संस्थानी काळातील कचेरी, नगरवाचनालयाची शतकापूर्वीची इमारत, नाट्यगृह, बारव किंवा देऊळ असते. त्यांचे महत्त्व पंचक्रोशीला ठाऊक असते, पण त्यापलीकडे त्यांचे नाव पोचलेले नसते, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र नावाच्या प्रमाणात कमी होत नाही.

या प्रकारच्या वास्तूंबाबत संवर्धनाच्या अर्थशास्त्रात एक संकल्पना वापरली जाते, तिला संवर्धन-तूट म्हणता येईल : दुरुस्तीसाठी जितका खर्च येतो त्यापेक्षा दुरुस्तीनंतर इमारतीचे बाजारमूल्य वा भाडे कमी भरते, आणि हा फरक कोणीतरी पदरमोड करून भरल्याशिवाय काम उभे राहत नाही. मोठ्या शहरात जुन्या इमारतीत उपाहारगृह, कार्यालय किंवा दालन काढून ही तूट काही अंशी भरून काढता येते. जेथे बाजारपेठेतल्या गाळ्याचेच भाडे बेताचे आहे तेथे ती भरून निघत नाही. सार्वजनिक निधीचा प्रश्न या तुटीपासून सुरू होतो. येथे सार्वजनिक निधी म्हणजे केंद्र, राज्य, जिल्हा नियोजन समिती आणि नगरपरिषद यांच्या तिजोरीतून होणारा खर्च असा अर्थ घेतला आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा पैसा कायद्याने खर्च करावा लागत असला तरी तो सरकारी तिजोरीतून जात नाही, म्हणून त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

इंग्रजपूर्व काळात देवळे, मठ, दर्गे, घाट यांच्या देखभालीची व्यवस्था बहुतांशी इनामांवर चाले, म्हणजे जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य आणि डागडुजी हे तिन्ही खर्च भागत. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामांची छाननी केली तेव्हा या व्यवस्थेला पहिला मोठा हादरा बसला. विसाव्या शतकात जमीन कसणाऱ्या कुळांना हक्क मिळाले, ते न्याय्यच होते, परंतु त्यासोबत अनेक संस्थांचे उत्पन्न आटले आणि डागडुजीची जबाबदारी तेवढी मागे उरली. आजच्या अनुदानाच्या चर्चेत हा भाग क्वचितच येतो. जुन्या वास्तू पूर्वी बाहेरच्या मदतीशिवाय टिकल्या असा समज सर्रास आढळतो, आणि तो खरा नाही.

दुसऱ्या बाजूने सरकारी संरक्षणाची परंपरा वाढत गेली. १८६१ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्थापना झाली, कर्झनच्या कारकिर्दीत १९०४ चा प्राचीन स्मारके जतन कायदा आला, स्वातंत्र्यानंतर १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा झाला. राज्यघटनेने राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राकडे व उरलेली राज्याकडे सोपवली. अनुच्छेद ४९ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य म्हटले आहे, तर ५१क मध्ये वारशाचे जतन हे नागरिकांचेही कर्तव्य मानले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक बाबींचे संवर्धन हा विषय नगरपालिकांकडे दिला, पण त्यासाठी उत्पन्नाचे साधन सोबत आले नाही. उलट १९९९ मध्ये महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात रद्द झाल्यावर त्यांचे राज्याच्या अनुदानावरील अवलंबन वाढले.

या रचनेचा परिणाम असा की वास्तूला पैसा मिळणे तिच्या अवस्थेपेक्षा तिच्या वर्गवारीवर ठरते. महाराष्ट्रात केंद्र संरक्षित स्मारके तीनशेच्या आत आहेत आणि राज्य संरक्षित साडेतीनशेहून थोडी अधिक. राज्यातील जुन्या वाड्यांची, बारवांची आणि देवळांची संख्या पाहता या दोन्ही याद्या मिळूनही फार थोड्या वास्तूंना कवेत घेतात. यादीत असणे म्हणजे सुरक्षित असणे, असेही नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात संयुक्त पाहणी केलेल्या केंद्र संरक्षित स्मारकांपैकी ९२ जागेवर सापडत नसल्याचे नोंदवले होते. त्यांतील बरीचशी नंतर शोधून काढण्यात आली, काहींचा ठावठिकाणा लागलेला नाही.

पैशाच्या वाटा

आज लहान गावातील वास्तूला सार्वजनिक पैसा मिळण्याच्या वाटा चार-पाच आहेत. पुरातत्त्व विभागांचा नियमित निधी केवळ संरक्षित स्मारकांना मिळतो. वित्त आयोगाच्या शिफारशींतून अधूनमधून विशेष अनुदाने आली, उदाहरणार्थ बाराव्या वित्त आयोगाने २००५ ते २०१० या काळासाठी राज्यांना वारसा संवर्धनापोटी एकूण ६२५ कोटी रुपये सुचवले होते. केंद्राची हृदय ही योजना २०१५ मध्ये बारा शहरांसाठी आली आणि २०१९ मध्ये संपली; त्या बारांत महाराष्ट्रातील एकही शहर नव्हते, आणि यादीतील अमरावती आंध्र प्रदेशातील होती. राज्याच्या अर्थसंकल्पातून विशिष्ट वास्तूंसाठी तरतूद होते. जिल्हा वार्षिक योजनेतून किल्ले, मंदिरे व महत्त्वाची संरक्षित स्मारके यांसाठी तीन टक्क्यांपर्यंत निधी ठेवण्याची तरतूद ही अलीकडची वाट, आणि तालुक्याच्या दृष्टीने कदाचित सर्वांत जवळची.

खाजगी पैशाला सार्वजनिक वास्तूकडे वळवण्याचे प्रयत्न याला समांतर चालू आहेत. १९९६ चा राष्ट्रीय संस्कृती निधी, २०१३ च्या कंपनी कायद्यातील सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंच्या पुनरुज्जीवनाला मिळालेले स्थान, २०१७ ची केंद्राची स्मारक दत्तक योजना आणि तिच्या दहा वर्षे आधी, २००७ मध्ये, महाराष्ट्राने आणलेली महाराष्ट्र वैभव राज्य संरक्षित स्मारक संगोपन योजना ही त्याची मुख्य उदाहरणे आहेत. संगोपन योजनेत स्मारकाची मालकी शासनाकडे राहते, देखभाल व सुविधांचा भार संस्था उचलते. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला याच योजनेखाली २०१४ च्या सुमारास दहा वर्षांसाठी सोलापूरच्या एका खाजगी कंपनीकडे गेला. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला पाणीमहाल आणि त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे पाहायला येणाऱ्यांमुळे तेथे काही उत्पन्न शक्य होते. धबधबा नसलेल्या गढीला असा पालक मिळणे कठीण, ही या योजनेची उघड मर्यादा आहे.

चार भूमिका

या प्रश्नावर घेतल्या जाणाऱ्या भूमिका ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येकीला काही आधार आहे.

पहिली भूमिका वारसा ही सार्वजनिक वस्तू मानते. वास्तू पाहणाऱ्याकडून, तिच्यामुळे गावाला नाव मिळालेल्याकडून किंवा तिचा अभ्यास करणाऱ्याकडून किंमत वसूल करता येत नाही, म्हणून बाजार तिच्यावर पुरेसा खर्च करणार नाही आणि तो समाजाने करावा, असे ही बाजू मांडते. तिचा आणखी एक मुद्दा दुर्लक्षिला जातो : पारंपरिक दुरुस्तीच्या खर्चात मजुरीचा वाटा मोठा असतो, त्यामुळे पैसा गवंडी, सुतार, पाथरवट यांच्या हाती जातो.

दुसरी भूमिका अग्रक्रमाची आहे. ज्या नगरपरिषदेला रोज पाणी देता येत नाही, तिने वाड्याच्या सज्ज्यावर पैसे का घालावेत, असा तिचा प्रश्न असतो. संवर्धनप्रेमी याला अरसिकपणा म्हणून बाजूला सारतात, ते बरोबर नाही, कारण महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ स्वतःच पालिकेची कर्तव्ये आवश्यक आणि स्वेच्छाधीन अशी विभागतो आणि पाणी, सफाई, दिवाबत्ती यांना पहिला मान देतो. तरीही व्यवहारात ही निवड दिसते तशी नसते. वारशाच्या शीर्षाखाली आलेला निधी पाण्याकडे वळवता येत नाही. तो खर्च झाला नाही तर व्यपगत होतो, म्हणजे परत जातो. खरा संघर्ष नगरपरिषदेच्या स्वतःच्या तुटपुंज्या उत्पन्नापुरता, अर्थात काम झाल्यानंतरच्या देखभालीपुरता उरतो.

तिसरी भूमिका लोकवर्गणी आणि खाजगी भागीदारी यांना प्राधान्य देते. मालगुंड येथे कोकण मराठी साहित्य परिषदेने पुढाकार घेऊन १९९४ मध्ये उभे केलेले केशवसुत स्मारक हे साहित्यसंस्था काय करू शकते याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. गोव्यातील रेईश मागूशचा किल्ला, जेथे १९९३ पर्यंत तुरुंग होता, हेलन हॅमलिन न्यासाचा पैसा, इन्टॅक या वारसा-संवर्धन संस्थेचे तांत्रिक साहाय्य आणि गोवा शासनाची मालकी अशा तिहेरी व्यवस्थेतून दुरुस्त होऊन सांस्कृतिक केंद्र बनला. या वाटेवरील आक्षेप २०१८ मध्ये लाल किल्ल्याच्या दत्तक करारावरून देशभर गाजले. ते मुख्यतः कंपनीच्या नावाच्या पाटीविषयी आणि स्मारकाच्या अर्थनिर्णयावरील तिच्या प्रभावाविषयी होते. लहान गावात पाटीची भीती नाही. तेथे कंपनी येतच नाही, हीच अडचण आहे. फ्रान्सने २०१८ पासून वारशासाठी खास सोडत काढून त्यातील पैसा ग्रामीण भागातील अपरिचित वास्तूंनाही दिला, तसा मार्ग महाराष्ट्रात अद्याप गंभीरपणे चर्चिला गेलेला नाही.

चौथी भूमिका वापराला महत्त्व देते : ज्या इमारतीला रोजचे काम नाही तिच्यावर केलेला खर्च वाया जातो, म्हणून अनुदानाआधी उपयोग ठरवावा. रत्नागिरीचा १९१० चा थिबा राजवाडा काही काळ तंत्रनिकेतनासाठी वापरात राहिला आणि पुढे तेथे संग्रहालय आले. वापरामुळे इमारतीची झीज झाली हे खरे, पण रिकामी राहिली असती तर काय झाले असते याचा अंदाज कोकणातल्या पावसावरून बांधता येतो. टीकाकारांचे म्हणणे असे की प्रत्येक वाड्यात संग्रहालय काढायचे ठरवले तर संग्रहालयांनाच नंतर अनुदान लागते.

देवळांचा वेगळा प्रश्न

लहान गावातील ऐतिहासिक वास्तूंमध्ये देवळांचा वाटा मोठा असल्याने निधीच्या चर्चेत धर्माचा प्रश्न टळत नाही. अनुच्छेद २७ नुसार एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. प्रफुल्ल गोरडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये असा अर्थ लावला की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला गेला तरच या अनुच्छेदाचा भंग होतो. २००२ च्या दंगलीत नुकसान झालेल्या धर्मस्थळांच्या दुरुस्तीसंबंधी गुजरातच्या खटल्यात न्यायालयाने २०१७ मध्ये उच्च न्यायालयाचा भरपाईचा आदेश रद्द करून राज्याची कमाल ५० हजार रुपये साहाय्याची योजना स्वीकारली. या निर्णयांतून खर्चाला घटनात्मक वाव आहे एवढे निश्चित होते. वारसा म्हणून दिलेला पैसा कोठे संपतो आणि उपासनेच्या सोयीसाठी दिलेला कोठे सुरू होतो, याची रेषा त्यांनी आखलेली नाही.

महाराष्ट्राने २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात पहिल्या टप्प्यातील आठ प्राचीन मंदिरांसाठी १०१ कोटी रुपये ठेवले, त्यांत सिन्नरचे गोंदेश्वर, खिद्रापूरचे कोपेश्वर, गडचिरोलीतील मार्कंडा, राजापूरचे धूतपापेश्वर ही नावे होती. यांतील काही मंदिरे केंद्र संरक्षित आहेत, म्हणजे पैसा राज्याचा आणि हात लावण्याची परवानगी केंद्राची, अशी स्थिती उद्भवते. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढील २०० मीटरांत नियमन असल्याने गावातले रहिवासीही या प्रश्नात ओढले जातात. स्वतःच्या घराचा मजला चढवता न येणाऱ्यास देवळाच्या अनुदानाचे कौतुक वाटेलच असे नाही.

पंढरपूरचे उदाहरण याहून बोलके आहे. विठ्ठल-रुक्मिणी मंदिराच्या संवर्धनासाठी सुमारे ७३ कोटी रुपये मंजूर झाले आणि २०२४ च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्शदर्शन थांबवून गाभाऱ्यात काम झाले. गेल्या काही दशकांत भक्तिभावाने आणि देणग्यांतून चढवलेल्या फरश्या, संगमरवर आणि रंगाचे थर उतरवून मूळ दगड मोकळा करणे हा कामाचा मोठा भाग होता. जुन्या वास्तूचे नुकसान नेहमी पैशाच्या अभावीच होते असे नाही, अनाठायी आलेल्या पैशानेही होते, हे त्यातून दिसले. त्याच गावात मंदिर परिसराच्या कॉरिडॉरची योजना २०२२ पासून चर्चेत आहे, आणि जुन्या गल्ल्या, मठ व वाडे तीत जातील अशी भीती रहिवासी व व्यापारी व्यक्त करतात. गर्दीत चेंगराचेंगरी टाळण्यासाठी मोकळी जागा हवी हा शासनाचा युक्तिवाद वारीच्या दिवसांत पंढरपूर पाहिलेल्यास पोकळ वाटणार नाही. तरीही एका वास्तूचे थर जपून उतरवणारा आणि तिच्या भोवतीचे गाव रुंद करू पाहणारा सार्वजनिक पैसा एकाच वेळी एकाच ठिकाणी वावरतो आहे, आणि वारसा म्हणजे देऊळ की देवळासकट गाव, याचा निर्णय झालेला नाही.

चुना आणि मार्चअखेर

निधी मंजूर झाल्यावर काम कसे होते, या भागावर अभ्यासकांमध्ये मतभेद कमी आणि तक्रारी जास्त आहेत. सरकारी कामाची साखळी ठरलेली असते : अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील नोंद आणि देयक. ही साखळी नव्या बांधकामासाठी घडलेली आहे, जेथे किती घनमीटर काम होणार हे आधी ठाऊक असते. जुन्या वाड्यात तसे नसते. माळवदाच्या छतात तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर पाला आणि मातीचे थर व सर्वांत वर पाणी मुरू न देणारी पांढरी माती असते. तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजले आहे की नाही हे वरची माती उतरवल्याशिवाय कळत नाही, आणि माती तर निविदेनंतरच उतरते. मग वाढीव कामाचा प्रस्ताव जातो, तो मंजूर होईपर्यंत पावसाळा येतो आणि उघडे छत आधी झाकलेल्या छतापेक्षा वाईट अवस्थेत जाते.

सामग्रीचा प्रश्नही असाच. चुना भिजवून मुरवावा लागतो, घाणीत वाळू व विटांच्या सुरखीसह मळावा लागतो, काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालतात, आणि थर दिल्यावर तो ओलसर ठेवून हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषत सावकाश घट्ट होऊ द्यावा लागतो. याला लागणारे महिने दिवाळीनंतरचे; पैसा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये मोकळा होतो आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवावा लागतो. अशा वेळी सिमेंट सोयीचे ठरते. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण व कमी सच्छिद्र असल्याने भिंतीतील ओल बाहेर पडत नाही, ती मऊ विटेत वा मातीत अडकते आणि गिलावा शाबूत राहून आतली भिंत झडते.

तत्त्वाच्या पातळीवरही एक वाद चालू आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ अंशाला कमीत कमी हात लावावा आणि नवे काम नवे म्हणून ओळखू यावे असा दंडक घातला. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने अस्सलपणा संस्कृतीनुसार बदलतो हे मान्य केले. इन्टॅकच्या २००४ च्या सनदेने असंरक्षित वास्तूंबाबत जिवंत कारागिरीच्या परंपरेला, म्हणजे कुजलेला खांब तशाच नव्या कोरीव खांबाने बदलण्याला, जागा दिली. गावकऱ्यांना बहुधा इन्टॅकच्या सनदेची भूमिका जवळची वाटते, पण निविदेत सर्वांत कमी दराचा ठेकेदार निवडला जात असेल तर कोणती सनद लागू आहे याने फारसा फरक पडत नाही. कारागिरीची गुणवत्ता दराआधी तपासण्याची पद्धत नियमांत बसू शकते. ती तालुका पातळीवर वापरण्यास अधिकारी धजत नाहीत, कारण लेखापरीक्षणात कमी दर नाकारल्याचा जाब द्यावा लागतो.

खाजगी वाडे

सर्वांत अवघड गाठ खाजगी मालकीची आहे. वाडा बहुधा अनेक वारसांत विभागलेला असतो, काही जण परगावी असतात, काही खणांत जुने भाडेकरू असतात आणि १९४७ च्या भाडे कायद्याच्या परंपरेतून आलेले भाडे कौले शाकारण्यासही पुरत नाही. मुंबईत उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळ स्थापन झाले, म्हणजे खाजगी इमारतीवर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे तत्त्व राज्याने फार पूर्वी मान्य केले आहे. तालुक्याच्या गावांसाठी असे मंडळ नाही. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने मालकाला न वापरलेले चटईक्षेत्र दुसरीकडे विकण्याची, म्हणजे हस्तांतरणीय विकासहक्काची, सवलत दिली, पण जेथे जागेला तेवढा भाव नाही तेथे हे हक्क विकत घेणारा मिळत नाही.

मालकाला थेट अनुदान द्यावे, असे सुचवणारे त्यासोबत अटी घालतात : ठरावीक वर्षे विक्रीस मनाई, वर्षातून काही दिवस लोकांना प्रवेश, विकल्यास अनुदान परत. विरोधकांचे म्हणणे असे की सरदार-इनामदारांच्या वारसांना करदात्यांनी पैसा का द्यावा, आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात हा आक्षेप निव्वळ हिशेबाचा नाही. ज्या वाड्याच्या दारात काही समाजांना पायरीपलीकडे प्रवेश नव्हता, त्याचे जतन सर्वांचा वारसा म्हणून करायचे तर त्या वाड्यात कोणता इतिहास सांगितला जाईल हेही अनुदानाच्या अटींत यावे, अशी मागणी अलीकडे पुढे येऊ लागली आहे. दुसऱ्या टोकाला पुण्याचा भिडेवाडा आहे : मुलींच्या पहिल्या शाळेची ती जागा २०२३ च्या डिसेंबरमध्ये नवे स्मारक बांधण्यासाठी पाडली गेली, कारण तेथे मूळ इमारतीपेक्षा स्मृतीला महत्त्व दिले गेले. पुणे लहान गाव नव्हे, परंतु वास्तू जपायची की तिची आठवण, हा पेच लहान गावांतही असाच उभा राहतो आणि तेथे नव्या सभागृहाचे पारडे बहुधा जड ठरते.

अनिर्णित राहिलेले

एकरकमी दुरुस्तीचा पैसा पूर्वीपेक्षा सुलभ झाला आहे, असे वरील आढाव्यावरून म्हणता येते. देखभालीचे तसे नाही. मृगापूर्वी पांढरी माती चोपणे, पन्हळी साफ करणे, भिंतीतले पिंपळाचे रोप लहान असतानाच मुळासकट काढणे ही कामे किरकोळ खर्चाची आणि दरवर्षीची आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही आणि त्यांना स्वतंत्र लेखाशीर्षही बहुधा नसते. कोल्हापूरच्या १९१५ च्या केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागल्यानंतर पुनर्बांधणीसाठी निधी त्वरेने जाहीर झाला. दुर्घटनेला उत्तर देणारी यंत्रणा आहे, झिजेला उत्तर देणारी नाही. केंद्र संरक्षित स्मारकांचे तिकिटाचे उत्पन्नही त्या स्मारकाकडे न राहता भारताच्या संचित निधीत जाते, त्यामुळे गर्दी वाढल्याने वास्तूचा खर्च भागेल ही अपेक्षा आहे त्या नियमांत पूर्ण होत नाही.

अनुदानित कामाची जबाबदारी काम संपल्यावर कोणाकडे राहावी, नगरपरिषदेकडे, न्यासाकडे की विभागाकडे, याविषयी एकवाक्यता नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून असंरक्षित खाजगी वास्तूला मदत द्यावी का, यावरही धोरण ठरायचे आहे. या साऱ्याच्या आधीचे काम याद्यांचे आहे, आणि तेथे एक अडचण अभ्यासकांना चांगली परिचित आहे : एखाद्या गावाची वारसा यादी होणार अशी कुणकुण लागली की निर्बंधांच्या भीतीने काही मालक यादी प्रसिद्ध होण्याआधीच वाडा उतरवून सागवान विकून टाकतात. अनुदानाची हमी यादीबरोबरच जाहीर केली तर हे थांबेल असे काहींचे मत आहे. हमी द्यायची तर यादी किती लांब होणार हे वित्त विभागाला आधी कळायला हवे, आणि ते यादी झाल्याशिवाय कळणार नाही.